पाण्याची प्रत आणि पाणवठ्याची जात

पैसा असला की वस्तू चांगली मिळते, हे वाक्य आपण निसर्गनियमासारखे बोलतो. पुण्याच्या बुधवार पेठेतील पाण्याचा इतिहास पाहिला म्हणजे या वाक्यात सत्य किती आणि लपवाछपवी किती, हे ध्यानात येते.

१७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्याने कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळाने शहरात आणले. त्या काळाच्या मानाने काम मोठेच होते. पण या पाण्याचे वाटेकरी कोण? शनिवारवाड्याची कारंजी, सरदार-सावकारांच्या वाड्यांतले हौद आणि पेठेतले काळ्या हौदासारखे सार्वजनिक हौद. वाडेकऱ्याला पाणी अंगणात मिळे. इतरांना ते घागरीने वाहून न्यावे लागे. तलाव एकच, परंतु चालणे, ताटकळणे आणि वाहणे कोणाच्या वाट्याला, हे संपत्ती ठरवी.

इथवर पैशाची गोष्ट झाली. महार-मांगांपाशी मात्र पैशाचे गणितही संपे. कनवटीला रुपया असला तरी हौदाला हात लावण्याची मुभा नव्हती. वरून कोणी ओतील तेवढे आपले. चांगले पाणी मिळण्यासाठी लागणारी पहिली गोष्ट जात होती, पैसा तिच्यानंतर. आपले अर्थशास्त्र या पहिल्या अटीविषयी मौन पाळते.

हे मौन प्रथम मोडले ते जोतीराव फुल्यांनी. १८६८ साली गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला. त्यांचे सत्यशोधक सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी पुढे बुधवार पेठेत, अल्पवयात वारलेल्या काशी या मुलीच्या स्मरणार्थ हौद बांधला. तोच बाहुलीचा हौद. तो सर्व जातींना खुला होता. डॉक्टरकीत मिळवलेला पैसा घोल्यांनी सार्वजनिक पाणवठ्यावर खर्च केला. वाड्यांपाशी पैसा कमी नव्हता. ही दृष्टी नव्हती.

तरीही दान हे दात्याच्या मर्जीवर टिकते. म्हणून प्रश्न हक्काचाच होता. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात सुटायला १९३७ साल उजाडले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत इतके अंतर होते.

आज हौदांची जागा नळांनी घेतली आहे. पैसेवाला शुद्धीकरण यंत्र लावतो, बाटली विकत घेतो, सोसायटी टँकर मागवते. यात गैर काय, असे विचारले जाते. गैर एवढेच की ज्याच्या शब्दाला कचेरीत वजन आहे, तोच सार्वजनिक नळावरून उठून जातो. मग त्या नळाला गढूळ पाणी आले तरी तक्रार करणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. सार्वजनिक सेवेची प्रत तिच्या रांगेत कोण उभे आहे यावर ठरते. शाळा, दवाखाना, रेशन यांनाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीत नळ आला का, एवढे विचारून थांबू नये. त्या नळाचे पाणी नगरसेवक पितो का, हेही विचारावे.