अवांतर वाचनाची दोनशे वर्षे

'अवांतर वाचन' हा शब्द आपण सर्वांनी शाळेत असताना शेकडो वेळा ऐकला. गणित, शास्त्र, इंग्रजी हे वाचन. गोष्टीची पुस्तके आणि कादंबऱ्या हे अवांतर. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला मुभा असे आणि सहामाही जवळ आली की बंदी. गंमत अशी की ज्या मोठ्यांनी ही बंदी घातली, तेच एरवी "मुलांनी वाचलं पाहिजे" असेही म्हणत. स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी आठवणींऐवजी या दुटप्पीपणाचा थोडा इतिहास सांगणार आहे. गोष्टींनी माणसाच्या मनाचे काय होते, याबद्दल आपल्या समाजाला वाटणारी भीती आणि आशा दोन्ही जुन्या आहेत.

मराठीत मुलांसाठी छापलेल्या गोष्टींची सुरुवात सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यापासून धरतात. त्यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही पुस्तके १८२८ साली निघाली. 'बाळमित्र' मूळ फ्रेंच. ते इंग्रजीच्या वाटेने मराठीत आले. म्हणजे येत्या काही वर्षांत या प्रवासाला दोनशे वर्षे होतील. या पुस्तकांत गोष्ट होती, पण गोष्टीसाठी गोष्ट नव्हती. मुलाने खरे बोलावे, आळस करू नये, वडिलांचे ऐकावे, हे सांगायचे होते आणि ते गोड लागावे म्हणून कोल्हा, कावळा, सिंह आले होते. तात्पर्य हे औषध आणि गोष्ट हे त्याला लावलेले मधाचे बोट. परीक्षेत 'या गोष्टीवरून काय बोध मिळतो?' हा दोन गुणांचा प्रश्न आपण सोडवला, त्याचे मूळ इथे आहे.

मोठ्यांच्या वाचनाची गोष्ट निराळी झाली. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात. विषय हिंदू विधवांची स्थिती. आदल्याच वर्षी विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली होती. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या अरबी सुरस गोष्टी मराठीत आल्या, १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि वाचकांना अद्भुताची गोडी लागली. राजकन्या, भुयारे, हरवलेले राजपुत्र, शेवटी सगळे गोड. 'मंजुघोषा' लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबूड यांनी तर प्रस्तावनेत सांगून टाकले की आपल्या लोकांच्या चालीरीती आणि लग्नाच्या पद्धती अशा आहेत की आपल्या घरगुती आयुष्यात कादंबरीला लागणारे मनोरंजक असे काही सापडत नाही. म्हणून अद्भुताकडे वळावे लागते.

यावर टीका व्हायला वेळ लागला नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली 'नावल व नाटक' यांविषयी निबंध लिहून अशा असंभाव्य लेखनाचा समाचार घेतला. ही काळजी केवळ आपल्याकडची नव्हती. जर्मनीत गटेची 'वेर्थर' ही कादंबरी १७७४ साली निघाली आणि तरुण वाचक नायकासारखा आत्मघात करतील या धास्तीने लाइपझिग शहराने पुढच्याच वर्षी तिच्यावर बंदी घातली. कादंबरी वाचून माणूस बिघडतो, ही समजूत कादंबरीइतकीच जुनी आहे.

रिसबुडांच्या म्हणण्याला खरे उत्तर दिले ते हरि नारायण आपटे यांनी, आणि तेही निबंध लिहून नव्हे. त्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापायला सुरुवात केली. ज्या घरात सांगण्यासारखे काही नाही असे रिसबूड म्हणाले होते, त्याच मध्यमवर्गीय ब्राह्मणी घरात हरिभाऊंनी वाचकाला नेऊन बसवले. नायिकेचे नाव पुन्हा यमुना, घरची यमू. पण पदमनजींची यमुना गावोगाव हिंडून इतरांची दुःखे पाहते आणि तिच्या आडून लेखक आपल्याला पटवत राहतो. हरिभाऊंची यमू स्वतः बोलते. लहानपणचे खेळ, सासरचा जाच, नवऱ्याने शिकवलेली अक्षरे, त्याचा मृत्यू, आणि मग जबरदस्तीने केलेले केशवपन. वाचक आठवड्यामागून आठवडा तिच्या डोक्यात राहायला गेला. ज्या गृहस्थाच्या स्वतःच्या घरात एखादी आलवणातली आत्या चुलीपाशी वावरत होती, त्यालाही तिचे मन असे आतून पाहायला कधी मिळाले नव्हते.

या कादंबरीने समाज बदलला का? इतिहासाचा विद्यार्थी असे उत्तर सहजासहजी देत नाही. ती पूर्ण होत होती त्याच सुमारास, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. तो काही कादंबरी वाचून नव्हे. कायदा, सुधारकांची भाषणे, मुलींच्या शाळा हे सगळे चालूच होते. पण कायदा विधवेला परवानगी देतो. तिच्याकडे माणूस म्हणून पाहायला शिकवत नाही. ते काम गोष्ट करू शकते, आणि तात्पर्य न सांगताही करू शकते.

पुढच्या शतकातली दोन पुस्तके आपल्या पिढीला जवळची आहेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात संस्कार आहेत, उपदेशही आहे, आणि आज तिला कुणी भाबडी म्हणतात. पण मुलांच्या मनात ती राहिली ती उपदेशामुळे नव्हे. कर्जात बुडालेल्या घराची लाज, भाऊबंदांकडून झालेला अपमान, आजारी आई, या गोष्टी तिथे एका मुलाच्या नजरेतून दिसतात. घरी असेच काही चाललेले असताना ती वाचणाऱ्या मुलाला कळते की हे आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलेले नाही.

दुसरे पुस्तक अण्णा भाऊ साठे यांचे 'फकिरा'. साल १९५९. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग वस्तीत जन्मले. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम पाहिले. गावासाठी लढणारा, दुष्काळात आपल्या माणसांसाठी खजिना आणि धान्य लुटणारा मातंग तरुण त्यांनी नायक केला. आपल्या वर्गात गावातली मुले होती आणि वस्तीतलीही होती. एका बाकावर बसलो तरी एकमेकांच्या घरी फारसे गेलो नाही, हे आता मोकळेपणाने म्हणायला हरकत नाही. जिथे आपले पाय वळले नाहीत, तिथे 'फकिरा' वाचणाऱ्याचे मन तरी पोहोचले. आणि वस्तीतल्या मुलाला पुस्तकात प्रथमच आपल्यातला नायक भेटला. एकाच पुस्तकाने दोन वाचकांना दोन वेगळ्या गोष्टी दिल्या.

मग भूगोलाच्या पुस्तकाआड लपवून वाचलेल्या रहस्यकथांचे काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी कुणाला सज्जन केले असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी वाचायची सवय लावली. पुढचे पान उलटल्याशिवाय राहवत नाही तेव्हा वाचण्याचा वेग आपोआप वाढतो, शब्द आपोआप कळत जातात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न यांनी हेच काम मुलांसाठी केले. पुढे जाड पुस्तक हातात घ्यायचे धैर्य याच वाचनातून येते.

अलीकडे मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात किड आणि कास्तानो या अमेरिकेतल्या संशोधकांचा निबंध आला. साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचल्यानंतर दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या चाचणीत लोक थोडे सरस ठरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. जगभर बातम्या झाल्या. पण इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा अनेकांना तो परिणाम दिसला नाही. २०१८ साली अशा चौदा अभ्यासांचा एकत्र विचार झाला. त्यात परिणाम आहे, पण लहान आहे, असे निघाले. मला यात निराश होण्यासारखे काही वाटत नाही. एक उतारा वाचून माणूस बदलत नाही, हे हरिभाऊंचे वाचकही सांगू शकले असते. यमू त्यांच्याकडे एका दुपारपुरती आली नव्हती. अंकामागून अंक येत राहिली.

या दोनशे वर्षांतून मला एवढेच दिसते: गोष्टीने माणूस बिघडेल ही भीती फारशी खरी ठरली नाही आणि गोष्ट पाजून माणूस सुधारता येईल ही आशाही नाही. गोष्ट दुसऱ्याच्या मनात जायची वाट उघडते. त्या वाटेने जायला वेळ लागतो, आपल्या आवडीचे पुस्तक लागते, आणि वाचल्यावर ज्याच्याशी बोलता येईल असे कुणीतरी लागते. आपल्या गुरुजनांपैकी ज्यांनी ऑफ तासाला पुस्तक उघडून नुसते मोठ्याने वाचून दाखवले आणि शेवटी एकही प्रश्न विचारला नाही, त्यांनी हे तिन्ही दिले होते.

मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काय भेट द्यावी, यावर आपल्या गटात बरीच चर्चा चालू आहे. संगणक, प्रोजेक्टर, प्रवेशद्वाराची कमान अशा सूचना आल्या आहेत. माझी सूचना साधी आहे. गोष्टींच्या पुस्तकांची दोन कपाटे द्यावीत, कुलूप न लावण्याच्या अटीवर. दरवर्षी नव्या पुस्तकांसाठी थोडी रक्कम ठेवावी आणि पुस्तके मुलांनाच निवडू द्यावीत. काही फाटतील, काही हरवतील. ते खर्चात धरावे. आणि आपल्यापैकी जे गावातच राहतात त्यांनी आठवड्यातून एक तास शाळेत जाऊन वाचून दाखवावे. वेळापत्रकात त्या तासाला मात्र 'अवांतर' म्हणू नये, एवढी विनंती मुख्याध्यापकांना करू या.