निवड आणि विश्वासघात : ठाण्यातील १३२१ च्या हौतात्म्याच्या संदर्भात

ख्रिस्ती धर्मविचारात यहूदा इस्कर्योताचा प्रश्न प्रारंभापासूनच अवघड ठरलेला आहे. येशूने स्वतः निवडलेल्या बारा शिष्यांपैकी तो एक. सर्वांच्या द्रव्याची थैलीही त्याच्याच स्वाधीन असे. त्याच्या हातून होणारा घात येशूला आधीच ठाऊक होता, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. घडले ते ईश्वरी योजनेतलेच असेल, तर घातक्यास दोष का द्यावा? यहूदास त्या योजनेचा जाणता सहकारी मानणाऱ्या एका पंथाचा उल्लेख इरिनियसने इ. स. १८० च्या सुमारास केला आहे. मुख्य परंपरेने मात्र हे मत अव्हेरले. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने या परंपरेची मांडणी केली ती अशी : ईश्वर सर्व जाणतो, परंतु त्याचे जाणणे मनुष्याच्या इच्छेवर बळजबरी करीत नाही, दुष्कृत्यातूनही तो कल्याण घडवितो, पण तेवढ्याने दुष्कृत्य निर्दोष ठरत नाही.

या मांडणीचा कस लागावा अशी घटना ठाण्यात घडली. एप्रिल १३२१ मध्ये तोलेंतिनोचा टॉमस, पादुआचा जेम्स व सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन आणि त्यांचा सहचर देमेत्रियस यांचा तेथे वध झाला. त्यांच्यासमवेत आलेला डोमिनिकन जॉर्डानस भडोचकडे निघाला होता, म्हणून वाचला.

पुढे थोड्याच अवधीत ठाण्यास आलेल्या ओडोरिकने या प्रसंगाचे मूळ एका गृहकलहात दाखविले आहे. हे प्रवासी ज्या नेस्टोरियन ख्रिस्ती घरी उतरले होते, तेथील गृहिणीस पतीने मारहाण केली. तिने काजीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून पाहुण्यांचा निर्देश केला. तेथून पाचारण, धर्मविषयक वाद आणि अखेर वध, असा क्रम घडला. परिणाम भयंकर झाला खरा. तथापि या स्त्रीस यहूदाच्या पंक्तीस बसविता येत नाही. तिने विश्वास विकला नव्हता, न्याय मागितला होता. उलट, वधाची आज्ञा देणाऱ्या मलिकास दिल्लीच्या सुलतानाने देहदंड दिला, असे ओडोरिक सांगतो. मृतांना हौतात्म्य लाभले म्हणून मारणाऱ्याचा अपराध पुसला गेला, असे या वृत्तांतात कोठेही सुचविलेले नाही.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने भेडसावला तो जॉर्डानसला. सहकाऱ्यांचे देह त्याने सोपाऱ्यास पुरले. पुढे ठाण्याहून लिहिलेल्या पत्रात, इतरांच्या उद्धारासाठी आपण ज्या घडीस सोबत्यांपासून दूर झालो त्या घडीस तो दोष देतो. त्यांची वाट पाहणारा मुकुट आपल्याला का लाभला नाही, ही त्याची व्यथा आहे. ज्या बाविसाव्या जॉन या पोपने १३२३ मध्ये अक्वायनसला संतपद दिले, त्यानेच १३२९ मध्ये जॉर्डानसची कोल्लमच्या बिशपपदी नेमणूक केली. मरणासाठी न निवडलेला मनुष्य कार्यासाठी निवडला गेला.

ठाणे ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्या प्रदेशातील बोलीत फ्रान्सिस्कु वाझ द गिमराइंश याने रचलेले ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले आणि ती कथा उत्तर कोकणच्या मराठीत आली. त्या कथेतील यहूदा आणि ठाण्याची ती गृहिणी यांच्यातील भेद परिणामांवरून कळत नाही, हेतूवरूनच कळतो. अक्वायनसच्या मांडणीचे मर्म हेच होय.