हिंदुस्थान-तिबेट मार्ग आणि वेठ

शिमल्याहून निघून नारकंडा, रामपूर, वांगतू अशी सतलजच्या खोऱ्याने वर चढणारी सडक आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५ म्हणून ओळखली जाते. दिल्ली-चंदीगडकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही हल्ली उन्हाळ्यात या वाटेने जातात. सराहनचे भीमाकाली मंदिर, कल्प्याहून दिसणारा किन्नर-कैलास, खाबजवळचा स्पिती-सतलजचा संगम आणि तेथून स्पितीच्या काठाने पुढे, इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ, असा हा क्रम. मंदिराची आणि मठाची माहिती सांगणारे जागोजागी भेटतात. रस्त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. आणि प्रशासनात काम करणाऱ्याने वाचावा असा तोच आहे.

लॉर्ड डलहौसी याने १८५० मध्ये हिंदुस्थान-तिबेट मार्गाचे काम सुरू करविले. तिबेटची पश्म आणि टाकणखार सतलजच्या वाटेने खाली यावा, हा व्यापारी हेतू उघडच होता. परंतु दुसरेही एक कारण कागदोपत्री दिले गेले, आणि ते लोकहिताचे होते. त्या काळी या डोंगरी संस्थानांत ओझे माणसाच्याच पाठीवर जाई. प्रत्येक गावाने पाळीपाळीने माणसे पुरवायची, त्यांनी सामान पुढच्या पडावापर्यंत वाहायचे, तेथे दुसऱ्या गावाची माणसे ते उचलणार. हीच बेगार, आपल्या मराठीत वेठ. खेचरे चालतील असा रुंद व सौम्य चढाचा रस्ता झाला की वेठीची गरजच उरणार नाही, असा युक्तिवाद होता. युक्तिवाद चुकीचा नव्हता. मात्र रस्ता बांधण्यासाठी मजूर कोठून आणावयाचे? ते त्याच संस्थानिकांकडून मागविण्यात आले. वेठ संपविण्याचा रस्ता वेठीनेच बांधला गेला.

पुढे काय झाले, ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनपेक्षित वाटू नये. अपेक्षेएवढा व्यापार वाढला नाही. प्रवासी मात्र वाढले. १८६४ पासून शिमला ही उन्हाळी राजधानी झाली. साहेब, त्यांचे तंबू, शिकारीचे सामान, दप्तरे हे सारे वर जाऊ लागले. वाट सुगम झाली म्हणून फिरती वाढली, आणि फिरती वाढली म्हणून हमालांची मागणी वाढली. हा हंगाम नेमका शेतीच्या कामाचा. ज्या घरात कर्ता पुरुष एकच, त्याचे शेत तेवढे दिवस पडून राही. मजुरी कधी मिळे, कधी अपुरी मिळे, कधी मिळतच नसे. या नुकसानीचा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात येत नसल्यामुळे वेठ सरकारला स्वस्त वाटत असे. (फुकट साधनांचा वापर नेहमीच उधळा असतो.)

फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये आलेले सॅम्युएल स्टोक्स कोटगढला स्थायिक झाले होते. आज त्यांचे नाव सफरचंदांमुळे घेतले जाते. पण १९२१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली कोटगढच्या गावकऱ्यांनी बेगार नाकारली आणि सरकारला माघार घ्यावी लागली, हे कार्य माझ्या मते बागांहून मोठे आहे.

राज्यघटनेच्या इंग्रजी मसुद्यात अनुच्छेद २३ मध्ये ‘बेगार’ हा शब्द तसाच ठेवलेला आहे. त्याला इंग्रजी प्रतिशब्द शोधला नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी महार वतनातील राबणुकीविरुद्ध १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते, हे येथे आठवते. त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला देतो. रस्त्याहून अधिक सार्वजनिक प्रयोजन ते कोणते? म्हणून १९८३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. राजस्थानात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनाहून कमी देणे म्हणजे या अनुच्छेदाचा भंग, असे न्यायालयाने ठरविले. मदतकार्य आहे, ही सबब चालली नाही.

किन्नौर-स्पितीतील दरडी आज जे मजूर उपसतात, त्यांत झारखंड, बिहार व नेपाळमधून आलेले पुष्कळ असतात. प्रवाशांच्या गाड्या तेवढा वेळ थांबतात. या मजुरांच्या हजेरीपटावरील दर आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम जुळते की नाही, हे पाहण्याचे काम कोणातरी अधिकाऱ्याचेच असते.