बी५वरचा उंट

सतरा चालींचा डाव. मोबाइलवर बघून संपवायला मिनिटभर पुरतो. मी ऑफिसच्या बसमध्ये तो आठवडाभर मागे-पुढे करत होतो. ग्रीसमधलं थेस्सालोनिकी, १९८८ची महिला ऑलिम्पियाड. पांढरी मोहरी हंगेरीच्या बारा वर्षांच्या ज्युडिट पोल्गरकडे, काळी बल्गेरियाच्या पावलिना अँजेलोवाकडे.

सुरुवात सिसिलियन बचावाची. तिसऱ्याच चालीला पांढरा उंट बी५वर आला की त्याला रोसोलिमो प्रकार म्हणतात. (हा ग्रँडमास्टर रोसोलिमो न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीही चालवायचा.) सिसिलियनच्या मुख्य चाली पाठ करणं म्हणजे दुसऱ्याचा अख्खा कोडबेस वाचणं. इथे तो व्याप टळतो. लवकर किल्लेकोट करायचा, मग मध्य उघडायचा. उंट बहुतेकदा सी६वरचा घोडा मारून मोकळा होतो. ज्युडिटनं तो तसाच बसू दिला.

तेराव्या चालीला काळ्या उंटानं ई५वरचं प्यादं खाल्लं. ज्युडिटनं हत्ती ई१वर आणला. चौदाव्याला त्याच उंटानं घोडा मारला आणि स्वतः पडला. पंधराव्याला काळ्या वजिरानं बी५वरचा उंटही उचलला. हिशोबात काळा एका मोहऱ्यानं पुढे! पण खात सुटलेला तो उंटच राजाशेजारच्या काळ्या घरांचा एकमेव राखणदार होता. पांढरा वजीर एच६वर येऊन बसला. काळ्या वजिरानं धावत एफ५ गाठून मात थोपवली, तर ज्युडिटनं वजीर देऊन एफ८वरचा हत्तीच मारला. अँजेलोवानं तिथेच डाव सोडला. राजानं वजीर मारला, तर उंटाचा शह, राजा जी८वर आणि ई१वरच्या हत्तीची ई८वर मात.

ज्युडिटचे वडील लास्लो यांचा आग्रह होता, की मुलींनी पुरुषांशीच खेळावं. या वेळी मात्र तिन्ही बहिणी महिला संघात होत्या, चौथी इल्दिको माद्ल. तोवर सोव्हिएत संघ ज्या ज्या महिला ऑलिम्पियाडमध्ये उतरला, ती त्यानं जिंकली होती. हंगेरीनं त्याला अर्ध्या गुणानं मागे टाकलं. ज्युडिटचे तेरा डावांत साडेबारा गुण. अर्धा गुण किती महाग असतो ते इथे कळतं. हा सतरा चालींचा डाव बरोबरीत सुटता, तर हंगेरीची ती आघाडीच उरली नसती.

जानेवारी १९८९च्या यादीत तिचं रेटिंग २५५५ होतं, जगातल्या सगळ्या महिलांच्या वर. १९९०ची महिला ऑलिम्पियाड ती खेळली, ती शेवटची. नंतर ती हंगेरीच्या खुल्या संघात, पुरुषांच्या शेजारी बसली.