दर्शन-प्रकार, संगणकातील

संगणकाच्या पडद्यावर किती चित्रबिंदू व किती रंग उमटावेत आणि चित्र दर सेकंदाला किती वेळा नव्याने रेखाटले जावे, हे ठरविणाऱ्या मांडणीस दर्शन-प्रकार म्हणतात. वापरणाऱ्याने काहीही निवडलेले नसताना परिचालन प्रणाली व तिच्यातील ग्राफिक्स ड्रायव्हर ही आज्ञावली जो प्रकार आपण होऊन स्वीकारतात, तो मूलनिर्धारित प्रकार होय. ही निवड केवळ तांत्रिक भासली, तरी पडद्यावर कोणती लिपी सुवाच्य उमटेल, हे पुष्कळ अंशी तिच्यावर अवलंबून राहिले आहे. परभणी जिल्ह्यासारख्या ठिकाणी महसुली दप्तर मराठीत असल्याने या प्रश्नास व्यावहारिक महत्त्व आहे.

प्रारंभीचे प्रकार : आयबीएमने १९८१ मध्ये आणलेला वैयक्तिक संगणक चालू होताच सामान्यतः ८० स्तंभ व २५ ओळींचा अक्षर-प्रकार स्वीकारी. यात प्रत्येक अक्षरास ठराविक मापाची चौकट असे व उमटावयाची २५६ चिन्हे यंत्राच्या स्थायी स्मृतीत साठविलेली असत. सीजीए या रंगीत दर्शनाच्या मंडलात (६४० × २०० चित्रबिंदू) ही चौकट अवघी ८ × ८ बिंदूंची होती. सुटी रोमन अक्षरे तीत मावत. देवनागरीत मात्र शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार, तर अक्षराखाली उकार येतात. जोडाक्षरांची रुंदीही सारखी नसते. ‘ष्ट्र’ किंवा ‘र्की’ यांसारखी अक्षरे आठ बिंदूंच्या उंचीत स्पष्ट काढणे जवळजवळ अशक्य होते. ईजीए (१९८४, ६४० × ३५०) व व्हीजीए (१९८७, ६४० × ४८०, १६ रंग) यांनी चित्रबिंदू वाढविले, तथापि डॉस ही परिचालन प्रणाली आरंभी अक्षर-प्रकारच वापरीत असल्याने मूळ अडचण कायम राहिली.

भारतीय उपाय : कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधनातून जिस्ट हे तंत्र विकसित झाले. पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ते पुढे नेले. जिस्ट कार्ड बसविल्यावर अक्षर-प्रकारासाठी लिहिलेल्या आज्ञावलीही भारतीय लिप्यांत चालू शकत. जोडाक्षरे जुळविण्याचे काम कार्ड करी. याच सुमारास, १९८८–८९ मध्ये, जमीन-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतावली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक ठरली. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला होता.

आधुनिक पद्धती : चित्र-प्रकार मूलनिर्धारित असणाऱ्या परिचालन प्रणाली रूढ झाल्यावर विशेष कार्डाची गरज उरली नाही. व्हेसा या संघटनेच्या १९९४ च्या मानकानुसार पडदा आपली क्षमता १२८ बाइटांच्या माहितीत, ईडीआयडीत, स्वतःच कळवितो. ड्रायव्हर तीत प्रथम नमूद केलेला प्रकार सहसा निवडतो. लिनक्समध्ये २००९ पासून हे काम प्रणालीच्या गाभ्याकडे येऊ लागले. केबल सदोष असल्यास किंवा पडदा जुना असल्यास ही माहिती मिळत नाही व ड्रायव्हरला १०२४ × ७६८ सारखा सर्वसाधारण प्रकार घ्यावा लागतो. सपाट पडद्याच्या मूळ चित्रबिंदूंशी तो जुळत नसल्यास रेषा धूसर होतात. रोमन अक्षर तरीही ओळखू येते. परंतु देवनागरीत अनुस्वार किंवा उकार पुसट झाल्यास शब्दच बदलतो. परभणीच्या नऊ तालुक्यांतील सातबारा उतारे आज संगणकावर पाहिले जातात. त्यांत खातेदाराचे नाव व क्षेत्र बिनचूक वाचता येणे हा हक्काचा प्रश्न आहे.

लिनक्सच्या गाभ्यातील अक्षर-पडदा आजही जोडाक्षरे जुळवीत नाही. त्यामुळे ड्रायव्हर निकामी होऊन तो पडदा पुढे येतो, तेव्हा बिघाडाची सूचना मराठीत दाखविता येत नाही. चित्र-प्रकारात सुटलेली अडचण मूळ अक्षर-प्रकारात अद्याप शिल्लक आहे.