शीग

मोंपाझिएच्या चौकातल्या लाकडी मंडईत आम्ही शिरलो ते केवळ सावलीसाठी. जुलैतला गुरुवार, आठवडी बाजार भरलेला, हिच्या हातात लेकीनं दिलेली वेताची टोपली आणि माझ्या हातात उगीच एक छत्री. मंडईच्या कडेला धान्याची जुनी मापं ठेवलेली दिसली आणि माझे पाय थांबले. वजनमापे निरीक्षक म्हणून मी बत्तीस वर्षं नोकरी केली. मापाच्या तोंडावरून हात फिरवल्याशिवाय पुढं जाणं मला जमत नाही.

"अहो, आपण सुट्टीवर आलोय," ही म्हणाली. "इथं कुणाला दंड करायचा नाही."

लेक फ्रान्समध्ये तुलूझला नोकरीला. तिनं आम्हाला दोर्दोन्य जिल्ह्यातल्या या गावाच्या बाहेर तीन आठवड्यांसाठी घर भाड्यानं घेऊन दिलं आणि शनिवारी येते म्हणून सांगून गेली. घर कसलं, पूर्वीचं तंबाखू सुकवायचं शेड ते. उंचच्या उंच, वारा खेळावा म्हणून फळ्यांत फटी सोडलेलं. आता त्या फटी काचेनं बुजवल्यात आणि आत पलंग टाकलाय. आम्ही गडहिंग्लजचे. निपाणीच्या वखारींचा वास लहानपणापासून नाकात बसलेला. पहिल्या रात्री मी तुळयांना नाक लावून पाहिलं, पण वास काही उरला नव्हता.

अशा घराला इथं 'जीत' म्हणतात. शेतकऱ्याची मुलं शहरात गेली, घरं ओस पडली, तेव्हा ती दुरुस्त करून सुट्टीला येणाऱ्यांना द्यावीत, म्हणजे घरही टिकेल आणि शेतकऱ्याला चार पैसेही मिळतील, ही कल्पना एमिल ओबेर नावाच्या सिनेटरची. पहिलं जीत १९५१ मध्ये आल्प्सच्या पायथ्याशी उघडलं, आणि १९५५ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली. त्याआधी सुट्टी तरी कुठं होती? कामगाराला पगारी रजा देणारा कायदा झाला २० जून १९३६ ला, लेओं ब्लुमच्या सरकारात, आणि तोही देशभरचे कारखाने संपानं बंद पडल्यावर. रजा दोन आठवड्यांची. त्या उन्हाळ्यात रेल्वेनं सवलतीची तिकिटं काढली आणि सुमारे ६ लाख लोक त्यांवर गावाबाहेर पडले. त्यांतल्या कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. पुढं १९५६ ला तिसरा आठवडा, १९६९ ला चौथा, १९८२ ला पाचवा. लेक हे सांगत होती तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या बुडालेल्या अर्जित रजा मोजत होतो.

तर मापं. पण मापांआधी गाव सांगायला हवं, कारण हे गाव बाजारासाठीच वसवलेलं आहे.

१२८४ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानं मोंपाझिए वसवलं. इंग्लंडचा राजा इथं कसा, तर तो अ‍ॅक्विटेनचा ड्यूकही होता आणि फ्रान्सच्या राजाशी त्याची सीमा याच भागातून जात होती. जमीन शेजारच्या बिरोंच्या सरदाराची, सत्ता राजाची. दोघांनी भागीदारी केली आणि रानात दोऱ्या टाकून गाव आखलं. अशा आखीव गावाला 'बास्तीद' म्हणतात, आणि नैऋत्य फ्रान्समध्ये तेराव्या-चौदाव्या शतकात अशी शेकडो गावं उठली. मोंपाझिए म्हणजे ४०० मीटर लांब आणि २२० मीटर रुंद असा चौकोनी पाट. सरळ रस्ते, सारख्या मापाचे भूखंड. दोन घरांच्या मध्ये वीत-दीड वीत रुंदीची फट, आगीला अडवायला आणि सांडपाण्याला वाट द्यायला. माणूस आडवा होऊनसुद्धा तीत शिरत नाही, मी शिरून पाहिलं. (हिनं फोटो काढलाय. तो कुणाला दाखवणार नाही.)

येऊन राहणाऱ्याला भूखंड मिळे, सनदेनं काही हक्क मिळत, आणि बाजाराचा वार ठरवून दिला जाई. राजाला काय मिळे? कर. रानातल्या वाडीवर विखुरलेल्या शेतकऱ्याकडून वसुली करणं जिकिरीचं. तोच शेतकरी आठवड्यातून एकदा आपल्या पायांनी चौकात आला, तर वसुलीला एक मंडई पुरते. म्हणून इथं गावाच्या मधोमध चौक आहे, चौकाला कमानींच्या पडव्या आहेत आणि दक्षिणेला मंडई आहे. चर्च मागच्या बाजूला.

मंडईत धान्य विकायचं तर मंडईच्याच मापानं मोजायचं, आणि मोजल्याबद्दल धन्याला त्या धान्यातला वाटा द्यायचा, असा हक्क फ्रान्सभरच्या बाजारांत चाले. त्याला 'मिनाज' म्हणत. आपल्याकडच्या बाजार समितीत तोलाई कापतात तसंच, फक्त इथं मापाडी सरदाराचा. आणि माप ज्याचं, त्याची शीग.

ज्यांनी पायलीनं जोंधळा मोजलेला पाहिला नाही त्यांना हे सांगावं लागतं. धान्य मोजायच्या दोन तऱ्हा. एक सपाट: माप भरायचं आणि तोंडावरून दांडी फिरवून वरचं पाडायचं. दुसरी शिगेची: माप भरून वर जेवढा डोंगर उभा राहील तेवढा राहू द्यायचा. आता माप तेवढंच ठेवून तोंड रुंद केलं आणि उंची कमी केली, तर सपाट मापात काही फरक पडत नाही, पण शीग भलतीच मोठी होते. खांद्याच्या उंचीवरून धान्य ओतलं तर ते दबून बसतं आणि त्याच मापात मूठ-दोन मुठी जास्त मावतात. हळू, मापाच्या काठाला टेकवून ओतलं तर भुसभुशीत राहतं. माप खरं, शिक्का खरा, आणि तरी शेतकरी बुडाला. सरदार खंड घ्यायचा तो शिगेनं आणि तेच धान्य विकायचा ते सपाट. हे वाचून मला काही नवल वाटलं नाही. माझ्या नोकरीतली एक आठवण आहे. बिडाच्या वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरून त्यावर आमचा शिक्का मारलेला असतो. एका व्यापाऱ्यानं शिक्क्याला धक्का न लावता बाजूनं शिसं कोरून काढलं होतं. इतकं नाजूक काम की पंचनामा लिहिताना माझ्या तोंडून "वा" निघालं होतं.

गावोगावची मापं वेगळी, एकाच गावात गव्हाचं वेगळं, ओटचं वेगळं, आणि नाव मात्र तेच. राज्यक्रांतीआधीच्या फ्रान्समध्ये मापांची नावं आठशेच्या आसपास आणि प्रत्यक्ष मापं अडीच लाख, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आपल्याकडची पायली तरी कुठं एक होती? चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक आम्ही शाळेत घोकलं, पण आजोबा म्हणत की शेजारच्या बाजारची पायली आपल्यापेक्षा चिपट्यानं मोठी.

या चौकानं रागही पाहिलाय. करांच्या ओझ्यानं पेरिगोरचे, म्हणजे याच मुलखातले, शेतकरी उठले, त्यांना 'क्रोकां' म्हणत. त्यांचा एक पुढारी ब्युफारो हा विणकर होता. १६३७ मध्ये त्याला पकडून याच चौकात चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. आता तिथं लसणाच्या वेण्या आणि बकरीच्या चिजाच्या चकत्या विकायला असतात.

१७८९ मध्ये राजानं गावोगावची गाऱ्हाणी लिहून मागवली, तेव्हा त्या वह्यांमध्ये पुन्हापुन्हा एक मागणी आली: माप एक करा. राजा हटवा असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. उलट राजा एक आहे तसं मापही एकच असू दे, एवढंच. त्या ऑगस्टमध्ये सरंजामी हक्क रद्द झाले, मापावरचा हक्कही त्यातच गेला. मग नवं माप कुणाचं? कुठल्याही गावाचं घेतलं की दुसरं गाव रुसणार. म्हणून विद्वानांनी ठरवलं की पृथ्वीचंच घ्यावं. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. १७९२ मध्ये देलांब्र आणि मेशँ हे दोघे खगोलज्ञ डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजायला निघाले, एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून, आणि दोघांच्या मोजणीचा सांधा ठरला रोदेझ, मोंपाझिएपासून गाडीनं काही तासांवर. इकडं राजाचं डोकं उडालं, युद्ध पेटलं, आणि हे दोघे चर्चच्या मनोऱ्यांवर चढून कोन मोजताहेत. लोकांना ते हेर वाटले यात लोकांची काय चूक? सरकारी माणूस उपकरण घेऊन गावात आला की काय वाटतं ते मी पाहिलेलं आहे. दुकानांच्या फळ्या फटाफट खाली पडतात. मोजणी संपायला जवळजवळ सात वर्षं लागली. मीटर, लिटर, ग्रॅम यांचा कायदा त्याआधीच, ७ एप्रिल १७९५ ला, होऊन गेला होता.

पण बाजारानं तो मानला नाही. ज्यांनी माप एक करा म्हणून वह्या भरल्या होत्या त्यांनीच नवं माप नाकारलं, कारण त्यांना आपलंच माप एक व्हायला हवं होतं. शेवटी १८१२ मध्ये नेपोलियननं माघार घेतली आणि तोडगा काढला: किलो राहू द्या, पण अर्ध्या किलोला तुमचं जुनं नाव द्या, 'लिव्र'. पॅरिसचा जुना लिव्र सुमारे ४८९ ग्रॅमचा, हा नवा ५०० चा. दशमान माप सक्तीचं झालं ते १ जानेवारी १८४० पासून.

त्या गुरुवारी माझ्या पुढं एक म्हातारी उभी होती. तिनं स्ट्रॉबेरी मागितल्या त्या "यून लिव्र". विकणाऱ्या पोरानं मान हलवली आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ५०० ग्रॅम भरले. आमच्या हिनं कोपरानं मला ढोसलं. घरी ती अजून पावशेर म्हणते आणि दुकानदार २५० ग्रॅम देतो. ८० तोळ्यांच्या शेराचा पाव म्हणजे २३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्यानं शेर गेला, १९५८ पासून किलो आला, आणि नावानं मात्र मुक्काम सोडला नाही. माझे वडील आमच्या गावात नवी वजनं आली तेव्हाची गोष्ट सांगत. आधीच्याच वर्षी नवे पैसे आले होते, त्यात हे. बायका म्हणत, सरकारनं आता तराजूतही नवे पैसे घातले.

आणखी एक नातं मला तिथं उभ्याउभ्या आठवलं. पॅरिसजवळ सेव्र इथं प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल आहे. २० मे २०१९ पर्यंत जगातला किलो म्हणजे तोच. त्याच्या अधिकृत प्रती देशोदेशी गेल्या. भारताकडं आली ती ५७ क्रमांकाची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. तिच्यावरून खालची मानकं, त्यांच्यावरून आणखी खालची, आणि सगळ्यात शेवटी माझ्या जीपमधली मखमलीच्या खाचांतली पितळी पेटी. म्हणजे गडहिंग्लजच्या मिरचीच्या बाजारात मी जे वजन पारड्यात ठेवत होतो, त्याची वंशावळ थेट इथं पोचत होती. बत्तीस वर्षांनी मूळपुरुषाच्या गावी आल्यासारखं वाटलं. ही म्हणाली, "मग पाया पडा."

खाण्याचं सांगायचं तर आम्ही शाकाहारी, आणि हा मुलूख बदकांचा. बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत तळतात, हे हिला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घासानंतर कळलं. मग तीन आठवडे आम्ही पाव, टोमॅटो, खरबूज, चीज आणि अक्रोडावर काढले, आणि वजन वाढवून आलो. पावाचं एक आवडलं. १९९३ चा हुकूम आहे: 'परंपरागत' म्हणून विकायचा पाव गोठवलेल्या पिठाचा नसावा आणि त्यात बाहेरची मिश्रणं नसावीत. सकाळी साडेसातला रांगेत उभं राहून तो कागदाच्या पट्टीत गुंडाळून आणायचा आणि घरी पोचेपर्यंत टोक खाऊन टाकायचं. हिला पहिल्या दिवशी वाटलं, पावाला उंदीर लागलाय.

शेवटच्या गुरुवारी आम्ही अक्रोड घ्यायला गेलो. पेरिगोरचा अक्रोड नावाजलेला, २००२ पासून त्याला मुलखाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण आहे. जुलैत असतो तो गेल्या हंगामाचा, फोडून गर काढलेला. सवयीनं मी आधी काटा पाहिला. हिरवी चिठ्ठी चिकटवलेली, पडताळणीची मुदत बाकी, आकडे गिऱ्हाइकाकडं तोंड करून. झकास. बाईंनी पिशवी ठेवली, हिनं आठवडाभर घोकलेलं "यून लिव्र" म्हटलं, बाई खूश झाल्या. काटा ५०० वर थांबला, पैसे ठरले. मग बाईंनी पिशवी बांधायच्या आधी हात घातला आणि आणखी ओंजळभर गर वरून टाकला. काटा ५६२ म्हणाला. पैसे तेवढेच.

मी काट्याकडं बघत राहिलो. पिशवीच्या तोंडाशी अक्रोडाचा छोटा डोंगर झाला होता.

"शीग," मी म्हणालो.

"मग?" ही पिशवी टोपलीत ठेवत म्हणाली. "आता लिहा पंचनामा."