शकीला बानोची कॅसेट

मी आठवीत होते तेव्हा आमच्या घरी एक जुना टेपरेकॉर्डर होता आणि मामूंनी ठेवून दिलेल्या कव्वालीच्या चार-पाच कॅसेटी. दुपारी अम्मीचा डोळा लागला की मी आवाज बारीक करून शकीला बानो भोपाली ऐकत असे. समोरच्या कव्वालाच्या सवालाला ही बाई असा काही जवाब देई की श्रोत्यांच्या टाळ्या थांबत नसत. एकदा शेजारचे एक बुजुर्ग दारातूनच म्हणाले, "शरीफ लडकियाँ ये सब नहीं सुनतीं." मी कॅसेट काढून ठेवली. ती पुन्हा लावली नाही.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात कव्वाली बसवायची म्हणून आमच्या शाळेतील मुली माझ्याकडे आल्या, तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवले. त्या रात्री मोबाइलवर तोच आवाज शोधून ऐकला आणि मग त्यामागचा इतिहास वाचू लागले.

कव्वाली ही सूफींच्या महफिल-ए-समामधून आली. हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे मुरीद अमीर खुसरो यांनी ती हिंदुस्तानात रुजवली. दोघांचेही निधन १३२५ सालचे. समा जायज की नाजायज, हा वाद तेव्हाही होता. सुलतान गयासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर औलियांना आपली बाजू मांडावी लागली होती. म्हणजे आमच्या दारातले ते वाक्य सातशे वर्षांचे जुने होते, आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने.

दर्ग्यातली कव्वाली मात्र पुरुषांचीच राहिली. बायकांचा आवाज तिच्यात आला तो मुख्यतः सिनेमा आणि रंगमंचाच्या वाटेने. १९४५ सालच्या 'झीनत' चित्रपटात नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांनी गायलेली कव्वाली गाजली. पुढे शकीला बानो भोपाळहून मुंबईला आल्या आणि हजारोंच्या मजम्यासमोर पुरुष कव्वालांशी मुकाबले करू लागल्या. शेर म्हणताना हातांच्या आणि डोळ्यांच्या अदांनी त्याचा अर्थ उलगडून दाखवणे ही त्यांची खासियत. याच अदांसाठी लोक तिकिटे काढत आणि याच अदांसाठी नावेही ठेवत.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री त्या भोपाळमध्ये होत्या. विषारी वायूने त्यांच्या फुप्फुसांवर आघात केला. गाणे जवळपास संपले. १६ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मी कॅसेट ऐकत होते ती त्याच सुमाराला. टेपमधला आवाज एवढा ठणठणीत होता की ती बाई आजारी असेल, असे मनातही आले नाही. आणि तिला ऐकण्याची मला मात्र लाज वाटत होती!

आता ऐकताना काही शेर सवंग वाटतात, पेटी कर्कश वाटते. तरीही तो जवाब देण्याचा ठसका आजही तसाच भिडतो. आमच्या मुली वर्गात उत्तर येत असूनही मान खाली घालून बसतात. त्यांना मी आधी शकीला बानोंची हकीकत सांगितली आणि मगच तालीम सुरू केली. वर्गाचे दार उघडेच ठेवले.